गंगाथडीचं पाथरी

पाथरीची ओळख सांगायला बसलं की आधी पाथरी सोडून गेलेल्यांचीच नावं निघतात. इथल्या कुलकर्ण्यांचं एक घराणं विजयनगरच्या मुलखात गेलं. त्या घरातला तिमाभट बहमनी दरबारात मलिक हसन झाला आणि त्याच्या मुलानं, अहमदनं, अहमदनगरची निजामशाही उभी केली, असं इतिहासकार फरिश्ता सांगतो. हसनच्या नातवाला, बुऱ्हाण निजामशहाला, पूर्वजांचं हे ठाणं इतकं हवं होतं की त्यानं वऱ्हाडच्या इमादशाहीला बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. नकार आल्यावर 1518 मध्ये तो फौज घेऊनच आला. साईबाबांचा जन्म इथल्या भुसारी घराण्यात झाला, अशीही श्रद्धा आहे. 1999 पासून त्या जागी मंदिर आहे. जानेवारी 2020 मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जन्मस्थानाच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा केली, शिर्डीकर चिडले, बंद पाळला गेला आणि आठवडाभर महाराष्ट्राला पाथरी नावाचं गाव आहे हे कळलं.

पण इथं राहणाऱ्यांचं काय चालतं, हे त्या आठवड्यातही फारसं कुणी विचारलं नाही.

परभणीहून मानवतमार्गे कल्याण-निर्मल महामार्गानं पंचेचाळीसेक किलोमीटरवर हे तालुक्याचं गाव लागतं. मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर मुक्कामच ठोकतो. दुपारी अर्धी बाजारपेठ शटर ओढून घेते आणि रस्त्यावर रसवंतीचे घुंगरू तेवढे वाजत राहतात. थंडीही काही लेचीपेची नसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नोंदीत डिसेंबर 2018 मध्ये पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरला होता. एवढी टोकं सोसायची तर घर तसं हवं आणि ते पूर्वी होतं. मराठवाड्यातलं माळवद म्हणजे दगड-मातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, सागाच्या तुळया, वर लाकडी पटई आणि तिच्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याच्या तोंडावर त्यावर पांढरी माती टाकून डागडुजी करायची. भर उन्हाळ्यात आत शिरलं की अंगावरचं ऊन उतरतं.

मात्र 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. औसा, उमरगा पट्ट्यात सुमारे आठ हजार माणसं गेली, त्यातली कित्येक याच धाटणीच्या भिंतींखाली आणि मातीच्या छतांखाली. त्यानंतर मराठवाड्यात माळवदाकडे कुणी पूर्वीच्या नजरेनं पाहिलं नाही. मार्च आणि जुलै 2024 मध्ये हिंगोली जिल्ह्यात साडेचार रिश्टरचे धक्के बसले, परभणी-नांदेडपर्यंत जाणवले, तेव्हा ती धास्ती पुन्हा वर आली. आता ऐपत असेल तो स्लॅब टाकतो, नसेल तो पत्रे. दोन्ही भूकंपाला बरे, उन्हाला वाईट. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खोलीत ओकतो. वर काळ्या मातीची गंमत वेगळीच. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि पाया नीट घेतला नसेल तर नव्या भिंतीला दोन वर्षांत तडा जातो. उन्हात गार राहणारं आणि धक्क्यात टिकणारं स्वस्त घर हा प्रश्न आपल्याकडे इतकी वर्षं कुणी धसाला लावू नये, याचं नवल वाटतं.

गावाचा खरा धनी मात्र पाणी, आणि त्या पाण्याची चावी पैठणला. 1976 मध्ये तिथल्या, गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाचं लोकार्पण झालं. त्याचा 208 किलोमीटरचा डावा कालवा या तालुक्यातून जातो. पाणीपाळी सुटली की कापूस-ज्वारीच्या या काळ्या रानात ऊस उभा राहतो. लिंबा आणि देवनांद्र्याला कारखान्यांची धुराडी उभी राहिली ती या उसावरच. धरणात पाणी नसलं की सगळं उलटं. 2016 च्या उन्हाळ्यात जायकवाडी मृतसाठ्यात होतं, टँकर आणि विहिरींचं अधिग्रहण हीच भाषा गावोगाव होती. कालव्याचं गाव म्हणून दुष्काळ टळत नाही, उलट उसाची सवय लागलेल्याला तो जास्त झोंबतो.

आणि भरलं की? ऑगस्ट 2006 चा पूर गंगाथडीला, म्हणजे गोदाकाठाला, अजून तोंडपाठ आहे. सप्टेंबर 2025 अखेरीस जायकवाडीचा विसर्ग तीन लाख क्युसेकच्या पुढे गेला. शिवाय सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाचं पाणीही याच पात्रात येतं. इथं पूर नेहमी नदीकाठानं चालून येतो असंही नाही. गंगा तुडुंब झाली की ओढ्यांचं पाणी तिच्यात शिरेना होतं, फुगवटा उलटा फिरतो आणि नदी लांब असलेल्या शिवारातलं सोयाबीन पाण्याखाली जातं. पैठणचं पाणी इथं पोहोचायला बराच अवधी लागतो आणि तोच काय तो हाताशी असलेला उपाय. पूर्वी दवंडी होती, आता विसर्गाचे आकडे व्हॉट्सॲपवर फिरतात. आकडा सगळ्यांना कळतो. त्या आकड्याला आपल्या शेतातल्या आखाड्यावरची गुरं सोडायची की नाही, हे कळायला अनुभवी म्हातारंच लागतं.

गंमत अशी की विरंगुळाही याच नदीवर. ढालेगाव, तारुगव्हाण, मुद्गल असे तीन उच्च पातळी बंधारे या तालुक्यात आहेत. पावसाळा सरताना दारं खाली येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत पात्रात पाणी उभं राहतं. सुट्टीच्या संध्याकाळी ढालेगावच्या पुलाकडे मोटरसायकली वळतात. कठड्याला रेलून पाणी बघायचं, मासे विकणाऱ्याशी घासाघीस करायची, पोरांचे फोटो काढायचे. मुद्गलला पात्रातच मुद्गलेश्वराचं देऊळ आहे. श्रावणात, महाशिवरात्रीला तिथं गर्दी लोटते आणि मोठ्या पुरात देव पाण्यात जातो. गुंजला योगानंद महाराजांची समाधी, तिकडेही कुटुंबंच्या कुटुंबं जातात. पाथरीत सहल म्हणजे जवळपास देवदर्शनच. हात जोडायचे आणि पाण्याकाठी डबा सोडायचा. बंधाऱ्याच्या पाण्यात पोरं उतरतात, तिथं खोली दाखवणारी खूण किंवा दोर असावा एवढं तरी व्हायला हवं. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या नदीकाठची बुडाल्याची बातमी येतेच.

गावात मोकळं मैदान म्हणजे शाळेचं. पहाटे तिथं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावतात, दिवस वर आला की क्रिकेट. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल बुटाला असा चिकटतो की सराव महामार्गाच्या कडेनं करावा लागतो, भरधाव ट्रकांच्या शेजारून. साई जन्मस्थानाच्या विकास आराखड्यात भक्तनिवास, वाहनतळ, रुंद रस्ते ही मागणी रास्तच आहे, भाविक येतात. पण रुंदीकरणात पहिली कुऱ्हाड लिंबा-पिंपळावर पडते आणि भाविक दोन तासांत निघून जातो, उन्हात गाव राहतं. मुरूम टाकून पाणी न साचणारं एक मैदान, बाजाराच्या रस्त्यावर सावली आणि ढालेगावला उतरायला नीट घाट, या तीन गोष्टी त्याच आराखड्यात बसवायला फार मोठा खर्च नाही.