न मागता पोटात जाणारे तेल

अंधेरी स्टेशनाबाहेर संध्याकाळी वडापावच्या गाड्यांमागे पंधरा किलोचे तेलाचे डबे रचलेले असतात. त्यांवर अनेकदा ‘पामोलिन’ हा शब्द वाचायला मिळतो. गाडीवाल्याची निवड केवळ स्वस्ताईपोटी नसते. सूर्यफूल किंवा सोयाबीन तेल तासन्‌तास तापत राहिले की लवकर बिघडते. पामोलिन त्या मानाने टिकते. पण टिकते म्हणजे अमर नव्हे. तळणाच्या तेलात पोलर कंपाउंड्स, म्हणजे विघटनातून तयार होणारे घटक, २५ टक्क्यांहून जास्त झाले तर ते वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. गाडीवर ते मोजायचे कोणी, हा प्रश्न उरतोच. तेल काळपट आणि चिकट झाले, वर फेस धरू लागले, आच कमी असतानाच धूर सोडू लागले, एवढे मात्र कोणत्याही गिऱ्हाइकाला दिसू शकते.

गाडीवरचे तेल निदान डोळ्यांना दिसते. खरा व्यवहार न दिसणाऱ्या तेलाचा आहे. कटिंगबरोबरची खारी, टोस्ट, बिस्किटे, शेव, वेफर्स, इन्स्टंट नूडल्स, केकवरचे क्रीम यांतल्या बहुतेकांत पामतेल किंवा त्याचा एखादा भाग असतो. अंगाला लावायच्या साबणातही असतो. देशाने नोव्हेंबर २०२२ ते ऑक्टोबर २०२३ या तेलवर्षात सुमारे ९८ लाख टन पामतेल आयात केले, म्हणजे आयात झालेल्या एकूण खाद्यतेलाच्या निम्म्याहून जास्त. तरीही वाण्याकडे जाऊन ‘पामतेल द्या’ असे म्हणणारी माणसे, विशेषतः मध्यमवर्गीय, फार थोडी.

इतके तेल इतक्या स्वस्तात मिळते याचे कारण वनस्पतिशास्त्रात आहे. ऑइल पाम, म्हणजे तेलताड, हा नारळ-सुपारीच्या कुळातला, मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. १८४८ मध्ये त्याची चार रोपे जावा बेटावर बोगोरच्या वनस्पती उद्यानात लावली गेली आणि आग्नेय आशियातल्या बागांचा मोठा हिस्सा त्या चार झाडांचा वंश आहे. या ताडाच्या एका प्रकाराच्या फळात जाड कवच असते, दुसऱ्यात कवचच नसते. दोघांचा संकर केला की पातळ कवचाचे, भरपूर गर असलेले फळ मिळते, हे १९४१ मध्ये बेल्जियन काँगोत काम करणाऱ्या संशोधकांनी दाखवले. हा सारा खेळ एकाच जनुकाचा. ते जनुक मात्र २०१३ मध्ये सापडले.

दुसरी भर एका किड्याने घातली. मलेशियात मजूर हाताने फुलांवर पराग टाकत असत. १९८१ मध्ये कॅमेरूनहून एक छोटा भुंगेरा आणून बागांत सोडला आणि हे काम तो फुकटात करू लागला. पुढे तो भारतातही आणला गेला. आज हेक्टरी तीन ते चार टन तेल हे या झाडाचे सर्वसाधारण उत्पन्न. सोयाबीनचे अर्धा टनही नाही.

मग आपल्याकडेच का पिकवू नये? सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातल्या मुळदे येथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या केंद्रावर या झाडाचा अभ्यास चालत आला आहे. कोकणात पाऊस उदंड, पण तो चार महिन्यांत पडून जातो. तेलताडाला पाणी बाराही महिने लागते. उन्हाळ्यात एका झाडाला दिवसाला दोनशे लिटरच्या पुढे, आणि हेक्टरी झाडे १४३. म्हणजे एका हेक्टरला रोज २८ हजार लिटरहून अधिक. शिवाय घड उतरवल्यावर चोवीस तासांच्या आत गिरणीत पोचावा लागतो. फळातले लायपेज हे विकर गराला इजा होताच तेल फोडू लागते आणि आम्लता वाढते. आंबा-काजूसारखे दोन दिवस पडवीत ठेवून चालत नाही. केंद्राने ऑगस्ट २०२१ मध्ये ११,०४० कोटींची पामतेल मोहीम जाहीर केली. ईशान्य भारत आणि अंदमानवर तिचा भर आहे. मिझोराममध्ये डम्पा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात टी. आर. शंकर रामन आणि जयदेव मंडल यांनी पक्ष्यांची पाहणी केली, तेव्हा जंगलातले पक्षी तेलताडाच्या बागांपेक्षा झूम शेतीच्या पट्ट्यात अधिक आढळले. ज्या झूम शेतीला वर्षानुवर्षे जंगलाची शत्रू म्हटले गेले, तिच्याबद्दल हा निष्कर्ष आहे.

पामतेल आपल्या बेकऱ्यांत इतके रुजण्यामागे मुंबईचाही एक धागा आहे. शिवडीच्या कारखान्यात वनस्पती तूप बनू लागले ते १९३२ मध्ये. ‘डालडा’ हे नाव १९३७ चे. तेलात हायड्रोजन सोडून ते घट्ट केले जाई आणि त्या प्रक्रियेत ट्रान्स फॅट तयार होई. हृदयाच्या रक्तवाहिन्यांसाठी याहून वाईट मेद नाही, हे कळायला अनेक दशके गेली. अंधेरीत चकाल्याला १९६७ मध्ये हिंदुस्तान लिव्हरचे संशोधन केंद्र उभे राहिले. खाद्यतेलाच्या टंचाईच्या त्या काळात साबणासाठी खाण्याचे तेल खर्ची पडू नये म्हणून सालबिया, भाताचा कोंडा अशा स्रोतांवर तिथे काम झाले. पुढे आयात खुली झाली आणि साबणाच्या कढईतही पामच आले.

खाद्यपदार्थांत ट्रान्स फॅट दोन टक्क्यांच्या आत असावे, असा नियम जानेवारी २०२२ पासून लागू झाला. खारीला पदर सुटायला घट्ट मेद तर हवाच. पामतेलाचा घट्ट भाग हायड्रोजनशिवायच ते काम करतो. एका मोठ्या दोषाच्या जागी लहान दोष आला. ही सुधारणाच आहे आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.

लहान दोष म्हणजे किती लहान? पामतेलात जवळपास निम्मा मेद सॅच्युरेटेड, म्हणजे संपृक्त असतो. त्यातला बहुतांश पामिटिक आम्लाचा. संपृक्त मेद वाढला की यकृताच्या पेशींवरचे एलडीएल टिपणारे ग्राहक कमी होतात आणि वाईट कोलेस्टेरॉल रक्तात फिरत राहते. म्हणून पाकिटावरचे ‘कोलेस्टेरॉल फ्री’ हे शब्द खरे असूनही निरर्थक आहेत. कोणत्याही वनस्पती तेलात नाव घेण्याजोगे कोलेस्टेरॉल नसतेच. ते आपले यकृत बनवते. २०१५ मध्ये २७ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. कमी संपृक्त मेद असलेल्या तेलांच्या तुलनेत पामतेलाने एलडीएल सरासरी ९ मिलिग्रॅमने वाढवले. एका रुग्णाच्या रिपोर्टमध्ये नऊचा आकडा कोणी मनावर घेणार नाही. लाखो लोकांच्या रक्तात तो नऊ वर्षानुवर्षे राहिला तर चित्र वेगळे होते.

अख्ख्या देशाचे तेल बदलले तर काय होते, याचे उदाहरण आहे आणि ते मराठी माणसाला अगदीच परके नाही. मॉरिशसमध्ये एकोणिसाव्या शतकात गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही गणपती बसवतात. तिथले रेशनचे तेल मुख्यतः पामतेल असे. १९८७ मध्ये सरकारने ते बदलून सोयाबीन तेल देण्यास सुरुवात केली. १९९२ मध्ये पुन्हा पाहणी झाली, तेव्हा लोकसंख्येचे सरासरी एकूण कोलेस्टेरॉल सुमारे ३० मिलिग्रॅमने उतरले होते. सगळे श्रेय तेलाचे नव्हते. त्याच काळात आरोग्य शिक्षणाची मोहीमही जोरात होती. पण लोकांना रोज गोळी न देता एवढी घट झाली, ही साधी गोष्ट नाही.

महाराष्ट्रात २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ शंभर रुपयांत घरोघरी गेला. रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल. त्यावरून पामतेलाला झोडपणे अन्यायाचे होईल. चौघांच्या घरात वर्षातून एकदा आलेला लिटरभर करंज्या-चकल्यांत संपतो आणि कोणाचे हृदय बिघडवत नाही. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे. ज्या घरात सर्वांत स्वस्त तेल हेच रोजचे तेल असते, तिथे हिशेब असा पडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या सल्ल्यानुसार दोन हजार कॅलरींच्या आहारात तेल-तूप दिवसाला २७ ग्रॅमपर्यंत असावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाने तेवढ्याच आहारात संपृक्त मेद २२ ग्रॅमच्या आत हवा. सगळे २७ ग्रॅम पामतेल असेल तर साडेतेरा ग्रॅम तिथेच भरतात. शेंगदाण्याचे असेल तर पाच, सोयाबीनचे असेल तर चार. दूध, चहा, खारी, बिस्किटे, शेव अजून मोजायची आहेत. आणि २७ ग्रॅम म्हणजे जेमतेम सहा चहाचे चमचे, भाजी, आमटी आणि चपातीवरचे धरून.

घरात तेल कोणते आणायचे हे बहुतेकांच्या हातात असते, बिस्किटातले नसते. तरी पाकिटावर ते लिहिलेले असते. घटकांच्या यादीत ‘खाद्य वनस्पती तेल’ या शब्दांपुढे कंसात तेलाचे नाव छापावे लागते. ‘पाम’ किंवा ‘पामोलिन’ तिथे सापडेल. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, त्यामुळे मैदा-साखरेनंतर तिसऱ्या क्रमांकावर तेल असेल तर ते चवीपुरते नाही. शेजारच्या पोषणतक्त्यात शंभर ग्रॅममागे संपृक्त मेद किती हेही असते. पुडा मधल्या सुट्टीसाठी रोज लागणारा असेल तर तो आकडा आधी पाहावा. सुट्या फरसाणाला मात्र ना यादी ना तक्ता. तिथे तेल कोणते, हे दुकानदाराला विचारावे लागते.