आंतरवासिता आणि छात्राध्यापकावरील दुहेरी जबाबदारी

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने बी.एड. अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला आणि शालेय आंतरवासिता एकूण २० आठवड्यांची ठरविली. त्यांपैकी १६ आठवडे दुसऱ्या वर्षात येतात. महाविद्यालयातील कामास ८० टक्के उपस्थिती पुरेशी मानली, आंतरवासितेस मात्र ९० टक्के आवश्यक केली. सहा दिवसांचा आठवडा धरल्यास ९६ दिवसांपैकी जेमतेम नऊ दिवस रजेचे उरतात. मुलाचा ताप, घरातील लग्न, स्वतःचे आजारपण, सारे त्या नऊ दिवसांतच बसवावे लागते.

या काळात छात्राध्यापकास दोन ठिकाणी उत्तर द्यावे लागते. मुख्याध्यापक गैरहजर शिक्षकाचा तास त्याच्याकडे सोपवितात. मार्गदर्शक प्राध्यापकांना त्याच दिवशी पाठ टाचण तपासायचे असते. उर्दू व मराठी या दोन अध्यापन पद्धती घेणाऱ्यांची तर टाचणेही दोन लिप्यांत, एक उजवीकडून, दुसरे डावीकडून!

आमच्या मते हा ताण कामाच्या प्रमाणापेक्षा तारखांच्या टकरीतून अधिक निर्माण होतो. शाळेची घटक चाचणी आणि कृतिसंशोधनाचा अहवाल एकाच आठवड्यात आले की हाती पडते ते टाचण नक्कल केलेले असते. म्हणून आंतरवासितेपूर्वीच मुख्याध्यापकांसोबत बसून चाचण्यांचे वेळापत्रक घ्यावे व अहवालांच्या तारखा त्यानंतर ठरवाव्यात. बदली तास आठवड्याला किती, हेही महाविद्यालयाने तेव्हाच लिहून घ्यावे. छात्राध्यापक स्वतः मुख्याध्यापकांना नकार देऊ शकत नाही. त्याच्या उपस्थितीवर सही त्यांचीच असते.