मोबाईलचा टॉवर, इंटरनेटचा फोन आणि मधला दुभाषी

मंडळी, आपल्या हॉस्टेलमध्ये मोबाईल नसलेला माणूस शोधून सापडायचा नाही. इंटरनेटवरून फोनही सगळेच करतात. पण मोबाईलचं नेटवर्क आणि इंटरनेट टेलिफोनी ही दोन वेगळी घराणी आहेत हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. एकाची भाषा दुसऱ्याला कळत नाही. या दोघांची गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर चकटफू मिळतं आणि लिनक्सच्या साध्या पीसीवर चालतं. ते कसं, हे या लेखात पाहू.

कुर्डुवाडीचं उदाहरण घ्या. बार्शी लाईट रेल्वेची छोटी गाडी तिथपर्यंत यायची. पुढचे रूळ ब्रॉडगेज. त्यामुळे माल उतरवायचा आणि मोठ्या गाडीत भरायचा. माल तोच, डबे वेगळे. इथेही तेच होतं. आवाज तोच राहतो, फक्त जीएसएमच्या डब्यातून इंटरनेटच्या पाकिटांत जातो.

हे सुरू कुठून झालं?

इंटरनेटच्या बाजूला १९९९ साली मार्क स्पेन्सरने ॲस्टेरिस्क लिहायला घेतलं. हे पीसीवर चालणारं टेलिफोन एक्स्चेंज. कॉल जोडण्यासाठी ते सिप हा प्रोटोकॉल वापरतं. मोबाईलच्या बाजूला डेव्हिड बर्जेस आणि हरविंद समरा यांनी ओपन-बीटीएस तयार केलं आणि २००८ साली अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात, बर्निंग मॅन मेळ्यात चालवून दाखवलं. त्यातली युक्ती अशी की साधा जीएसएम हँडसेट ॲस्टेरिस्कला सरळ सिप फोन म्हणूनच दिसायचा. याच सुमारास हाराल्ड वेल्टे आणि सहकाऱ्यांचा ऑस्मोकॉम प्रकल्पही उभा राहिला. आज नव्याने शिकणाऱ्याने ऑस्मोकॉमच धरावा, कारण त्यावर अजून नियमित काम चालू आहे.

कोण काय करतं?

ऑस्मोकॉममध्ये एकच अवाढव्य प्रोग्रॅम नाही, कामं वाटून दिलेली आहेत. ऑस्मो-बीटीएस रेडिओ सांभाळतो. ऑस्मो-बीएससी कुठल्या हँडसेटला कुठला चॅनेल ते ठरवतो. ऑस्मो-एचएलआर म्हणजे मेसचं रजिस्टर : सभासद कोण, त्याचा नंबर काय. ऑस्मो-एमएससी कॉल जोडतो आणि ऑस्मो-एमजीडब्ल्यू आवाजाची पाकिटं इकडून तिकडे देतो. शेवटचा ऑस्मो-सिप-कनेक्टर. हाच आपला दुभाषी. एमएससीचं बोलणं सिपमध्ये आणि ॲस्टेरिस्कचं सिप एमएससीच्या भाषेत.

सेटिंग करताना

१. एमएससीच्या फाईलमध्ये कॉल बाहेरच्या प्रोग्रॅमकडे सोपवायची ओळ टाकावी लागते. ती नसेल तर एमएससी सगळे कॉल आपल्या आपणच जोडत बसतो आणि ॲस्टेरिस्कला पत्ताच लागत नाही.

२. सिप-कनेक्टर आणि ॲस्टेरिस्क एकाच मशीनवर, एकाच पत्त्यावर असतील तर दोघांना ५०६० हा पोर्ट देऊ नका. एका खोलीला दोन कुलपं लावण्यातला प्रकार होतो. एकाला ५०६१ द्या.

३. ॲस्टेरिस्कमध्ये कनेक्टरची ओळख पीजेसिपच्या फाईलमध्ये लिहा. जुन्या पुस्तकांत चॅन-सिप दिसेल, पण ते आवृत्ती २१ पासून (२०२३) काढून टाकलं आहे.

४. कोडेक दोन्हीकडे एकच ठेवा. जीएसएम फुल रेट (सेकंदाला १३ किलोबिट) ॲस्टेरिस्कला येतं. सुरुवात त्यानेच करा.

५. रिंग वाजते, फोन उचलला जातो, पण आवाज नाही, हा सगळ्यांना छळणारा रोग. कारण कॉल जोडणारे संदेश एका वाटेने जातात आणि आवाज दुसऱ्या. मशीन दोन असतील आणि एमजीडब्ल्यूचा पत्ता १२७.०.०.१ राहिला असेल, तर ॲस्टेरिस्क आवाज स्वतःलाच पाठवत बसतो. वायरशार्क लावा, आरटीपीची पाकिटं कुठे चालली आहेत बघा. पाच मिनिटांत चोर सापडतो.

उपयोग काय?

मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात तालेआ दे कास्त्रो नावाचं डोंगरातलं गाव आहे. वस्ती कमी, म्हणून मोठ्या कंपन्या टॉवर घालेनात. २०१३ साली रायझोमॅटिका संस्थेच्या मदतीने गावाने अशाच खुल्या सॉफ्टवेअरवर स्वतःचं नेटवर्क सुरू केलं. महिन्याला १५ पेसो वर्गणी. लाईन सगळ्यांना मिळावी म्हणून गावातला कॉल पाच मिनिटांपुरता. शहरात आणि परदेशात गेलेल्या माणसांशी बोलणं इंटरनेट टेलिफोनीतून, म्हणून स्वस्त. पुढे २०१६ साली अशा गावांच्या संघटनेला सरकारकडून रीतसर परवानाही मिळाला. म्हणजे हा दुभाषी हे नुसतं लॅबमधलं खेळणं नव्हे.

आता महत्त्वाचं

हे वाचून कुणी उद्याच रेडिओ बोर्ड आणून टेरेसवर अँटेना लावेल, म्हणून स्पष्ट लिहितो : लावू नका. परवानगीशिवाय दूरसंचार नेटवर्क उभारणं आपल्या देशात गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी कारण उरतंच. २जीमध्ये नेटवर्क हँडसेटची ओळख तपासतं, हँडसेट मात्र नेटवर्कची तपासत नाही. सिग्नल जोरदार दिसला की तो जाऊन चिकटतो. तुम्ही नोंदणी सगळ्यांना खुली ठेवलीत तर शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजोबांचा साधा फोन तुमच्या पीसीवर येऊन बसेल. स्क्रीनवर दांड्या पूर्ण दिसतील, पण त्यांना घरचा फोन लागणार नाही. त्यांनी रात्री छातीत दुखतं म्हणून ११२ फिरवलं तर तो कॉल तुमच्या लॅपटॉपवर येईल आणि तिथेच मरेल. तुम्ही तेव्हा मेसमध्ये जेवत असाल.

मग शिकायचं कसं? दोन सरळ वाटा आहेत.

पहिली : रेडिओ नकोच. ऑस्मो-बीटीएसची व्हर्च्युअल आवृत्ती मिळते. ती हवेऐवजी नेटवर्कच्या पाकिटांतून बोलते आणि समोरचा हँडसेटही सॉफ्टवेअरचाच असतो. नोंदणी कशी होते, कॉल जोडायचे संदेश कसे जातात, सगळं दिसतं. आवाजाची बाजू शिकायला दोन पीसीवर सिप फोन टाकून ॲस्टेरिस्कला जोडा. इंटरनेटसुद्धा लागत नाही, लॅबची लॅन पुरते. फक्त लॅबच्या सरांना आधी विचारा.

दुसरी : खरा रेडिओच हवा असेल तर कॉलेजमार्फत दूरसंचार विभागाकडे प्रायोगिक परवान्यासाठी अर्ज करायचा. तो मिळाल्यावरही सिग्नल बाहेर न सोडणारी पेटी, आपण प्रोग्रॅम केलेली सिमकार्डं, ००१-०१ हा चाचणीसाठी राखलेला नेटवर्क क्रमांक आणि रजिस्टरमध्ये नाव नसलेल्याला प्रवेश बंद. चौथी गोष्ट विसरलात तर पहिल्या तिन्हींवर भिस्त ठेवू नका.

फायनल इयरच्या मंडळींनो, प्रोजेक्टचा विषय शोधत असाल तर पहिल्या वाटेने सुरू करा. खर्च शून्य, आणि टेलिकॉमच्या पुस्तकातली ती चौकोन-बाणांची आकृती पहिल्यांदा डोळ्यांसमोर हलताना दिसेल.