मांडवातली पत : नागरी सहकारी बँकांच्या परिषदांचा मागोवा

नागरी सहकारी बँकांच्या परिषदेची निमंत्रणपत्रिका हाती आली की तिच्यात उद्घाटन, बीजभाषण, परिसंवाद, ठराव आणि सत्कार असा क्रम ठरल्याप्रमाणे छापलेला असतो. तथापि ज्या कामासाठी जळगावकडचा एखादा व्यवस्थापक किंवा कोल्हापूरकडचा एखादा संचालक रात्रभर प्रवास करून परिषदेस हजर होतो, त्या कामाचा त्या पत्रिकेत कोठेही उल्लेख नसतो. ते काम मांडवाच्या मागच्या अंगास, चहाच्या टेबलापाशी आणि भोजनाच्या पंगतीत चालते. या क्षेत्रात प्रथम अधिकारी म्हणून आणि पुढे सल्लागार म्हणून आयुष्याचा मोठा भाग घालवल्यावर, 1980 नंतरच्या चार दशकांतील या परिषदांकडे मी मागे वळून पाहतो तेव्हा व्यासपीठावरील भाषणांपेक्षा ही मागची बाजूच मला अधिक अभ्यसनीय वाटते, कारण सहकारी बँकिंगच्या उत्कर्षाची आणि त्याच्या संकटांचीही बरीचशी कारणे तेथे सापडतात.

ही चळवळ मुळात परस्परांच्या ओळखीवर उभी राहिली, हे प्रथम ध्यानी घेतले पाहिजे. 1889 मध्ये विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांच्या पुढाकाराने बडोद्यात अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन झाली, तेव्हा सहकाराचा कायदाही अस्तित्वात नव्हता. तो 1904 मध्ये आला, आणि त्यानंतर दोनच वर्षांत पुण्यात कॉसमॉस आणि मुंबईत शामराव विठ्ठल या संस्थांचा प्रारंभ झाला. 1911 मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांच्या प्रयत्नाने मुंबईत मध्यवर्ती सहकारी बँक निघाली आणि तिचा कारभार पुढे दीर्घकाळ वैकुंठभाई मेहता यांनी सांभाळला. या सर्व संस्थांत कर्ज मागणारा आणि कर्ज देणारा हे बहुधा एकाच पेठेतले, एकाच व्यवसायातले किंवा एकाच ज्ञातीतले असत. जामीनदाराची ऐपत कागदावरून नव्हे तर त्याच्या घराण्याच्या शब्दावरून जोखली जात असे. संस्था वाढल्या, गावोगावी पसरल्या, आणि एका गावच्या संस्थेस दुसऱ्या गावच्या माणसाविषयी माहिती हवी अशी वेळ आली, तेव्हा अधिवेशने आणि परिषदा यांचे प्रयोजन आपोआप उत्पन्न झाले.

मी प्रथम या परिषदांना जाऊ लागलो त्या काळी कर्जदाराच्या पूर्ववृत्ताची नोंद ठेवणारी कोणतीही मध्यवर्ती यंत्रणा देशात नव्हती. इचलकरंजीतील एखाद्या यंत्रमागधारकाने तेच माग दोन बँकांकडे तारण ठेवले आहेत किंवा काय, हे गहाणखतांच्या दफ्तरातून सहजी उमगत नसे, कारण जंगम मालमत्तेवरील बोज्याची नोंद जेथे कायद्याने सक्तीची नव्हती तेथे ती होतही नसे. अशा वेळी परिषदेच्या पंगतीत शेजारी बसलेल्या दुसऱ्या बँकेच्या व्यवस्थापकास, ‘साहेब, अमुक नावाची पार्टी तुमच्याकडे आहे का?’ असा एक प्रश्न विचारला की दहा अर्जांच्या छाननीतून न मिळणारी माहिती मिळे. उत्तर पुष्कळदा शब्दांत येतही नसे. समोरच्याने किंचित थांबून विषय पालटला तरी विचारणाऱ्यास अर्थ कळे आणि त्या अर्जावरचा शेरा तो परतल्यावर लिही. या व्यवहारात ग्राहकाच्या गोपनीयतेचा भंग होता, हा आक्षेप खराच आहे आणि काही निष्पाप कर्जदारांना केवळ वदंतेपायी कर्ज नाकारले गेले असेल हेही मी मान्य करतो. परंतु लाखो ठेवीदारांचा पैसा ज्या तुटपुंज्या साधनांनी त्या काळी सुरक्षित राहिला, त्यांत या पंगतीचा वाटा मोठा होता, असे माझे ठाम मत आहे.

याखेरीज इतर कितीतरी कामे तेथे उरकत. लहान बँकेस समाशोधन गृहाचे थेट सभासदत्व मिळत नसे. तिला एखाद्या मोठ्या बँकेमार्फत उपसभासद म्हणून धनादेश वटवावे लागत, आणि त्या तजविजीची पहिली बोलणी परिषदेतच होत. एका सहकारी बँकेने काढलेला धनाकर्ष दुसऱ्या गावच्या सहकारी बँकेने वटवावा, यासाठी परस्पर व्यवस्थेचे करार होते. सांगलीच्या व्यापाऱ्याचे पैसे नाशिकला पोचत ते या करारांच्या बळावर. शिवाय 1 मार्च 1966 पासून बँकिंग नियमनाचा कायदा सहकारी बँकांस लागू झाल्याने एकीकडे सहकार खात्याचा निबंधक आणि दुसरीकडे रिझर्व्ह बँक अशा दोन धन्यांची चाकरी या बँकांच्या नशिबी आली होती. दोन्ही कचेऱ्यांतून परस्परविरोधी हुकूम आले म्हणजे कोणता आधी पाळावा, हा प्रश्न पत्रव्यवहाराने सुटत नसे. पण त्याच दोन कचेऱ्यांचे अधिकारी परिषदेस पाहुणे म्हणून आलेले असत, त्यांना एका टेबलाशी बसवले की कित्येक महिन्यांचा पेच तासाभरात मोकळा होई. कार्यालयात खुर्चीच्या मर्यादेत बोलणारे हे अधिकारी तेथे मनमोकळेपणे बोलत, आणि तपासणी अहवालातील शेऱ्यांमागे त्यांचा विचार काय असतो हे तरुण अधिकाऱ्यांस समजावून सांगत. माझे स्वतःचे बँकिंगविषयक शिक्षण प्रशिक्षण वर्गांत जेवढे झाले त्याहून अधिक अशा संभाषणांत झाले.

1993 पासून चित्र पालटू लागले. मराठे समितीच्या शिफारशींनंतर परवाने देण्याचे धोरण सैल झाले आणि मे 1993 ते जून 2001 या अवधीत देशात 823 नवे परवाने दिले गेले. परिषदांचे मांडव या काळात भरभरून वाहू लागले. नव्या संचालकांत उत्साही आणि प्रामाणिक माणसे पुष्कळ होती; परंतु बँक हे आपल्या राजकीय वा व्यावसायिक प्रभावाचे एक अंग मानणारेही त्यांत आले, आणि ज्या वर्तुळात प्रत्येक जण प्रत्येकास ओळखत असे, त्यात आता ओळखीचा आभास तेवढा राहिला. शाल, श्रीफळ आणि सत्कार यांचा वेळ वाढला, प्रश्नोत्तरांचा घटला. नव्या बँकांपैकी सुमारे एक तृतीयांश अल्पावधीतच दुर्बळ ठरल्या, हे पुढे रिझर्व्ह बँकेनेच नमूद केले.

मार्च 2001 मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोसळली. केतन पारेख या शेअर दलालाच्या समूहास तिने दिलेली अवाढव्य कर्जे हे त्याचे तात्कालिक कारण सर्वश्रुत आहे. माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. त्या बँकेत इतर अनेक सहकारी बँकांनी आपला शिल्लक निधी ठेव म्हणून ठेवला होता आणि तो अडकून पडला. लहान बँका मोठ्या बँकेत ठेव ठेवीत ती तिच्या ताळेबंदाचा कसून अभ्यास करून नव्हे. व्याजाचा दर थोडा अधिक मिळतो, बँक मोठी आहे, आणि तिची माणसे आपल्या परिचयाची आहेत, एवढ्या भांडवलावर तो निर्णय होत असे. जी ओळख इचलकरंजीच्या कर्जदाराबाबत आम्हांस सावध करीत होती, तीच ओळख येथे आम्हांस गाफील ठेवीत होती. कर्जदाराविषयी शंका विचारणे शिष्टाचारास धरून होते. यजमान बँकेच्या अध्यक्षास त्याच्या थकबाकीविषयी विचारणे मात्र उद्धटपणाचे मानले जाई. एप्रिल 2001 मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांना परस्परांत ठेवी ठेवण्यास मनाई केली, ती योग्यच होती. पुढल्याच वर्षी होम ट्रेड या दलाली संस्थेच्या प्रकरणात नागपूरसह काही जिल्हा मध्यवर्ती बँकांनी सरकारी रोख्यांसाठी पैसे मोजले आणि रोखे हाती आलेच नाहीत. तेथेही कागद पाहण्यापूर्वी माणसावर विश्वास टाकला गेला होता.

त्यानंतरच्या दशकाविषयी फार लिहिण्याजोगे नाही. 2004 पासून नवे परवाने थांबले, 2005 पासून राज्य सरकारे आणि रिझर्व्ह बँक यांच्यात सामंजस्य करार होऊन टॅफकब नावाचे कृती दल प्रत्येक राज्यात बसू लागले, आणि विलीनीकरणाचे पर्व सुरू झाले. मार्च 2004 अखेर देशात 1,926 नागरी सहकारी बँका होत्या. मार्च 2024 अखेर त्या 1,472 उरल्या. परिषदा शाळेच्या पटांगणातून तारांकित हॉटेलांत गेल्या. मांडवाच्या मागच्या बाजूस आता कोअर बँकिंग प्रणाली, एटीएम यंत्रे आणि नोटा मोजण्याची यंत्रे विकणाऱ्यांची दालने उभी राहिली, आणि व्यवस्थापकाचा मधल्या सुटीतील वेळ परस्परांशी बोलण्याऐवजी त्या दालनांतील तरुणांची कार्डे स्वीकारण्यात जाऊ लागला. यंत्रज्ञान आवश्यक होते याविषयी दुमत नाही. कर्जदाराची माहिती जमवणाऱ्या पतमाहिती कंपन्यांचा कायदा 2005 मध्ये झाला आणि पंगतीतला तो प्रश्न संगणकावर विचारण्याची सोय झाली, हेही इष्टच. तरीपण संगणकास नोंदलेलेच सांगता येते. नोंद खोटी असेल तर तोही ती खरी म्हणूनच सांगतो.

याचा प्रत्यय दोनदा आला. ऑगस्ट 2018 मध्ये कॉसमॉस बँकेच्या प्रणालीत शिरून सायबर चोरांनी सुमारे 94 कोटी रुपये लांबवले, आणि त्यापैकी मोठी रक्कम बनावट कार्डांच्या आधारे अनेक देशांतील एटीएममधून काढली गेली. या घटनेनंतरच्या परिषदांत सुरक्षेवरील परिसंवाद भरगच्च झाले, ते उपयुक्तही होते. दुसरा प्रसंग अधिक खोलवर झोंबणारा होता. 23 सप्टेंबर 2019 रोजी पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि आरंभी ठेवीदारास खात्यातून केवळ 1,000 रुपये काढण्याची मुभा उरली. बँकेच्या एकूण कर्जांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक रक्कम एकाच बांधकाम समूहाकडे होती, आणि ती झाकण्यासाठी हजारो बनावट खाती नोंदवली गेली होती, असे तपासात पुढे आले. सर्व अहवाल यथासांग सादर होत होते, लेखापरीक्षण होत होते आणि ताळेबंद छापला जात होता. अशा कारभाराची चाहूल लागण्याचा जो एक मार्ग या क्षेत्रात पूर्वी होता, म्हणजे समव्यावसायिकांनी एकमेकांस आडपडदा न ठेवता विचारणे, तो तोवर बुजत आला होता, आणि मोठ्या बँकेस विचारण्याच्या बाबतीत तर तो कधी नीट उघडलाच नव्हता.

ठेवीदाराची स्थिती मात्र काही अंशी सुधारली. फेब्रुवारी 2020 मध्ये ठेव विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली, आणि 2021 च्या दुरुस्तीने निर्बंध आल्यापासून 90 दिवसांत विम्याचे पैसे देण्याची तरतूद झाली. पुण्याच्या रुपी बँकेच्या ठेवीदारांनी 2013 पासून जी वाट पाहिली, तेवढी आता निदान पाच लाखांपर्यंतच्या ठेवीदारास पाहावी लागू नये. 2 मार्च 2024 रोजी दिल्लीत नागरी बँकांच्या शिखर संस्थेचे उद्घाटन झाले असून लहान बँकांना तंत्रज्ञान आणि निधी यांचे साहाय्य तिच्याकडून अपेक्षित आहे.

परंतु विमा आणि शिखर संस्था या दोन्ही गोष्टी बहुतांशी बँक अडचणीत आल्यानंतरच्या आहेत. ती अडचणीत येण्यापूर्वी सत्य बोलले जावे यासाठी परिषदेच्या संयोजकांना माझी एक विनंती आहे. यापुढील प्रत्येक परिषदेत अर्धा दिवस असा राखून ठेवावा की ज्यात पाहुणे नाहीत, पत्रकार नाहीत, विक्रेते नाहीत. आणि त्यात प्रत्येक सहभागी बँकेच्या मुख्य अधिकाऱ्याने, ग्राहकाचे नाव न घेता, आपले एक बुडालेले कर्ज आरंभापासून अखेरपर्यंत सांगावे : अर्ज कोणी आणला, तारणाचे मूल्यांकन कोणी केले, पहिला हप्ता थकला तेव्हा कोण काय म्हणाले आणि मुदतवाढ कोणाच्या शिफारशीने दिली गेली. आरंभ लहान बँकेने करू नये. सर्वांत मोठ्या बँकेच्या अध्यक्षांनी प्रथम उभे राहावे आणि उपस्थितांनी त्यांना प्रश्न विचारावेत. संचालक मंडळांवर काम करणाऱ्या वाचकांपैकी कोणी पुढील अधिवेशनाच्या स्वागत समितीवर असतील, तर त्यांनी ही सूचना पहिल्याच बैठकीत मांडावी आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी.