लाँच थांबते ते गाव

भिवंडीच्या धामणकर नाक्यावर ज्याचे बिऱ्हाड आहे, त्याला यंत्रमागांचा खडखडाट ऐकू येतो असे म्हणणे चुकीचे ठरेल. तो आवाज इतका सवयीचा होतो, की तो ऐकूच येत नाही. ऐकू येते ती शांतता. मध्यरात्री वीज गेली, की आसपासच्या गल्ल्यांतले धोटे जागच्या जागी थांबतात आणि झोपलेली माणसे दचकून उठून बसतात. मग अंधारात एकच प्रश्न उमटतो, "कधी येणार?" वीज येते कोठून, हे मात्र कोणी विचारीत नाही.

एकदा आठवीच्या वर्गात मी तो प्रश्न विचारला. मुलांनी विजेच्या खांबांकडे बोट दाखविले! खरे म्हणजे, चंद्रपूरच्या कोळशापासून झालेली वीज काय किंवा कोयनेच्या पाण्यापासून झालेली वीज काय, सारी एकाच जाळ्यात मिसळते आणि तेथून आपल्या दारी येते. कोळशाची खाण दाखविणे मला शक्य नव्हते. पण कोयनेचे खोरे दाखविणे शक्य होते. त्या हिवाळ्यात आमची सहल साताऱ्याहून कासच्या पठारावरून उतरत बामणोलीला पोहोचली.

कोयना ही जरा हट्टी नदी आहे. महाबळेश्वरी उगम पावलेल्या तिच्या बहिणी पूर्वेची किंवा पश्चिमेची वाट धरतात. ही मात्र सह्याद्रीच्या दोन रांगांमधून सुमारे पासष्ट किलोमीटर सरळ दक्षिणेकडे धावते. हेळवाकपाशी ती एकदम पूर्वेस वळते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळते. या वळणाजवळच धरण बांधले आहे. १९५४ साली प्रकल्पाचे काम सुरू झाले आणि १९६२ पासून वीज मिळू लागली. धरणाची उंची सुमारे १०३ मीटर आहे. त्यामागे पसरलेला जलाशय तो शिवसागर; त्याची लांबी सुमारे पन्नास किलोमीटर भरते. या प्रकल्पातील खरी युक्ती अशी, की अडविलेले पाणी बोगद्यांतून डोंगराच्या पोटात नेऊन पश्चिमेस कोकणच्या बाजूला सोडले आहे. घाटमाथा व कोकण यांच्या उंचीत पावणेपाचशे मीटरांच्या आसपास फरक आहे. एवढ्या उंचीवरून कोसळणारे पाणी पोफळीच्या भूमिगत केंद्रातील चक्रे फिरविते आणि पुढे वाशिष्ठी नदीतून समुद्रास मिळते.

बामणोलीच्या धक्क्यावरून आम्ही वासोट्याच्या पायथ्याला जाणारी लाँच ठरविली. सुमारे दीड तासाचा जलप्रवास. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीवरून प्रवाशांच्या मोठ्या बोटी जातात, घनदाट अरण्यातल्या एखाद्या खेड्यापाशी तासभर थांबतात, प्रवासी उतरून गाव पाहतात व पुन्हा बोटीत बसतात, असे मी मुलांना सांगितले होते. त्यामुळे आपणही तसेच काहीतरी करणार आहोत, अशी त्यांची समजूत झाली होती. ती मी खोडून काढली नाही.

ॲमेझॉनच्या अरण्यात बाराही महिने पाऊस असतो. आपल्या सह्याद्रीत तो चार महिन्यांतच कोसळतो; पण कोसळतो तो असा, की महाबळेश्वर आणि कोयनेच्या परिसरात वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाणी पडते. समुद्रावरून आलेले वारे डोंगराच्या भिंतीस अडतात, वर चढतात, थंड होतात आणि आपला भार येथेच उतरवितात. पुढचे आठ महिने कोरडे. म्हणून येथील पुष्कळसे रान निमसदाहरित आहे. दाट सदाहरित झाडी आढळते ती ओलावा धरून ठेवणाऱ्या घळींत. जांभूळ, अंजनी, हिरडा, पिसा यांच्या माथ्यांचे छत आणि खाली कारवीची गर्दी. शेकरू या छतावरूनच प्रवास करते. जमिनीवर ती क्वचितच उतरते. गवा, अस्वल व बिबट्या यांचाही येथे वावर आहे. १९८५ साली येथे अभयारण्य झाले, २०१० साली ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाले, आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात कोयनेचे नाव आले. इतिहासात हेच जावळीचे खोरे. येथील झाडीच्या भरवशावर मोरे बेफिकीर होते आणि १६५६ साली शिवाजी महाराजांनी ती झाडी भेदली, हे मुलांना पाठच होते.

लाँच सुटणार, इतक्यात डोक्यावर गोणी घेतलेली एक वृद्धा धक्क्यावर आली. पलीकडच्या तीरावरील आपल्या गावापर्यंत सोडावे, अशी तिने विनंती केली. आमचा एक विद्यार्थी तिला म्हणाला, "आजी, तुमची मजा आहे! रोज बोटीतून फिरता."

आजी हसल्या. "पोरा, तुझ्या गावाला एस.टी. येती का न्हाई? ही आमची एस.टी."

मग त्या आपण होऊन बोलू लागल्या. पूर्वी नदी लहान होती. उन्हाळ्यात पायी ओलांडता येई. भाताची खाचरे काठालगत होती. पाणी चढले तशी घरे वर सरकली, शेते मात्र सरकली नाहीत. आता दवाखाना, बाजार, मोठी शाळा, सारे पाण्याच्या पलीकडे. पावसाळ्यापूर्वी तांदूळ, मीठ, सुकट, वाळली लाकडे यांची बेगमी करावी लागते. कारण वारा-पावसात लाँच केव्हा सुटेल याचा नेम नसतो. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की लाँच काठापर्यंत येत नाही आणि चिखल तुडवीत जावे लागते. आजारी माणसास डोलीत घालून काठापर्यंत आणतात. हे सांगताना त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. आपण जसे पावसाला चिखल होतो असे सांगतो, तसे त्या सांगत होत्या. आम्ही कोठले, असे त्यांनी विचारले. ठाणे जिल्ह्यातले, असे कळताच त्या म्हणाल्या, "मग माझा चुलता तुमच्याकडंच हाय की. धरणात उठून तिकडं गेला."

त्यांच्या गावापाशी लाँच थांबली. कौलारू घरे, पावसाच्या बाजूस गवताचे झाप, अंगणात वाळत टाकलेली नाचणी. मुले उतरली, पाणी प्याली. एकाने घराचे चित्र काढण्यास आरंभ केला. पंधरा मिनिटांनी आम्ही निघालो. आजी गोणी घेऊन चढणीला लागल्या होत्या. त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

वासोट्याच्या पायथ्याला लाँच लागली. किल्ल्याच्या चढावर पहारा असे, त्या चौकीस 'मेट' म्हणत. म्हणून या जागेचे नाव मेट इंदवली. वनखात्याच्या माणसांनी आमच्याजवळच्या प्लास्टिकच्या वस्तू मोजून नोंदविल्या. तेथून रान सुरू झाले. मी मुलांना उत्साहाने सांगितले, "पाहा, मनुष्याचा हात न लागलेले अरण्य कसे असते ते!"

शंभर पावले गेलो नाही, तोच एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग हे काय?"

कारवीच्या जाळीत एक चौकोनी जोते होते. पलीकडे दुसरे. दगडांच्या फटींतून झाडे उगवली होती. पण कोपरे अजून काटकोनात होते. मी निरुत्तर झालो. नावात गाव होते, तेथे गाव असणारच. हे मला, भाषेच्या शिक्षकाला, सुचू नये! मेट इंदवली हे नांदते गाव होते. आज तेथे वस्ती नाही. किल्ला चढताना मी मुलांना तेथे कैदेत ठेवलेल्या राजापूरच्या इंग्रजांची हकीकत सांगितली. मुले मात्र त्या जोत्यांविषयीच विचारीत राहिली. येथे कोण राहत होते? ते कोठे गेले?

कोयनेच्या पाण्याखाली शंभराच्या आसपास गावे गेली. तेथील माणसे सातारा जिल्ह्यातच नव्हे, तर सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड आणि ठाणे जिल्ह्यांत विखुरली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ साली. म्हणजे त्यांनी घरे सोडल्यानंतर. अनेकांस जमिनीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालावे लागले, आणि २०१८ साली, उतारवयातली माणसे कोयनानगरला पुन्हा आंदोलनास बसली होती. खोऱ्यातच राहिलेल्यांच्या वाट्याला १९६७ च्या डिसेंबरातील भूकंप आला. या जलाशयाची वीज मिळाली नसती, तर मुंबई-ठाण्याचे कितीतरी कारखाने उभे राहिले नसते, हेही खरेच. या दोन्ही गोष्टी मी त्या मुलांना एकाच तासात शिकविल्या नव्हत्या. पहिली पुस्तकात नव्हती आणि दुसरी होती.

परतताना लाँच चालविणाऱ्या गृहस्थांनी एके ठिकाणी यंत्राचा वेग कमी केला आणि पाण्याकडे हात केला. "हितं खाली आमचं देऊळ," ते म्हणाले. मुले एका बाजूस गर्दी करून वाकून पाहू लागली. त्यांना हटकून मागे बसवावे लागले. संध्याकाळचे हिरवट पाणी तेवढे दिसत होते. ते गृहस्थ म्हणाले, की फार उन्हाळा झाला आणि पाणी खूप खाली गेले, तर पायऱ्या उघड्या पडतात. मग आसपासची माणसे येऊन तेथे दिवा लावतात.

भिवंडीस पोहोचलो तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. नाक्यावर माग चालू होते. त्या रात्री मला तो आवाज ऐकू आला.