शीळ रस्त्यावरची स्प्रिंग

दिवा स्टेशनाच्या पूर्वेला उतरून दिवा-शीळ रस्त्याने निघालं की पुढे कल्याण-शीळ रस्ता लागतो. आज त्याच्या दुतर्फा टोलेजंग इमारती, पलावाचा पसारा आणि न संपणाऱ्या कंटेनरांच्या रांगा आहेत. याच रस्त्यालगत, डोंबिवलीच्या बाजूला, प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना होता, हे इथे नव्याने राहायला आलेल्या फार थोड्यांना ठाऊक असेल. कुर्ल्यात पद्मिनी बांधणाऱ्या प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यात इथून ‘प्यूजो ३०९’ रस्त्यावर आली. कामगारांशी तंटा झाला, भागीदारांत बिनसलं, आणि काही वर्षांतच सगळं आटोपलं. गाडीची आठवण राहिली ती सुट्या भागांच्या टंचाईसाठी.

मला ही गाडी आठवते ती तिच्या चाकांमागच्या मांडणीसाठी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकाच उभ्या दांड्यावर. मागे वेटोळ्यांची स्प्रिंगच नाही. त्याऐवजी गाडीच्या रुंदीत आडव्या ठेवलेल्या पोलादी दांड्या. चाक वर गेलं की दांडी पिळली जाते आणि पीळ सुटताना चाक खाली येतं. शॉकअप जवळपास आडवे, त्यामुळे डिकी सपाट. हिचीच युरोपातली बहीण ‘३०९ जीटीआय’. १.९ लिटर इंजिनाची ही गाडी वळणांवरच्या चपळाईसाठी नावाजली गेली, आणि मांडणी तीच होती. प्यूजो त्या काळात आपले शॉकअप बाहेरून विकत घेत नसे, स्वतः बनवत असे. या घराण्याची परंपरा पूर्व आफ्रिकेच्या सफारी रॅलीची. प्यूजो ४०४ ने ती १९६३, १९६६, १९६७ आणि १९६८ साली जिंकली, ५०४ ने १९७५ आणि १९७८ साली. चिखल, दगड, खड्डे यांच्या हजारो किलोमीटरांवर जिंकणाऱ्या या गाड्या कडक नव्हत्या. त्यांची स्प्रिंग मऊ होती, चाकाला वरखाली जायला भरपूर जागा होती, आणि त्या हालचालीवर शॉकअपचा पक्का लगाम होता.

आज ठाणे, डोंबिवली, कल्याणच्या गॅरेजांत सस्पेन्शन ‘अपग्रेड’ करायला येणारी गाडी नेमकी उलट्या दिशेने जाते. चाकणला बनलेली पोलो जीटी, ऑक्टाव्हिया आरएस, क्वचित जुनी विकत घेतलेली झेड-फोर किंवा मस्टँग. मालक विशी-तिशीतला, हप्ते चालू असलेला. मागणी एकच असते: गाडी ‘बसवून’ द्या. म्हणजे खाली आणा, कडक करा, चाक आणि मडगार्ड यांमधली पोकळी घालवा. दिसायला गाडी झकास दिसते, यात वाद नाही. पण ज्या रस्त्यावर ती फिरणार आहे त्याचा हिशोब या मागणीत कुठेच नसतो, आणि सस्पेन्शन हा निव्वळ हिशोबाचा मामला आहे.

तो हिशोब शाळेतल्या भौतिकशास्त्रातला आहे. एका चाकावर गाडीचं ३५० किलो वजन आहे आणि चाकाच्या जागी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २५ न्यूटन आहे, असं धरू. अशी गाडी हलवून सोडली तर सेकंदाला साधारण १.३५ वेळा वरखाली होईल. नुसत्या वजनाने स्प्रिंग १३७ मिलिमीटर दबलेली असेल. स्प्रिंग ३५ न्यूटनची घातली की आंदोलनं १.६ च्या आसपास जातात आणि दबणं ९८ मिलिमीटरवर येतं. घरगुती मोटारी सहसा १ ते १.५ च्या पट्ट्यात असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार १.५ ते २ मध्ये. हवेच्या दाबाने जमिनीला चिकटणाऱ्या शर्यतीच्या गाड्या ३ च्या पुढे जातात, कारण त्यांना तो दाब पेलायचा असतो. शीळफाट्यावर सिग्नलला उभ्या गाडीवर असला कुठलाच दाब नसतो.

खरी मेख चाकाच्या प्रवासात आहे. गाडी उभी असताना चाकाला वर जायला ८० मिलिमीटर जागा होती आणि आपण गाडी ४० मिलिमीटर खाली आणली, तर उरले ४०. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे प्रवास निम्मा झाल्यावर तोच धक्का पोटात घालायला स्प्रिंग चौपट कडक लागेल. बाजारातल्या गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा मूळच्या स्प्रिंगपेक्षा फार तर तीस-चाळीस टक्के कडक असतात. उरलेला धक्का जातो रबराच्या बंपस्टॉपवर, तिथून माउंटिंगवर, आणि तिथून मालकाच्या मणक्यावर. ‘रेसिंग फील’ म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते पुष्कळदा बंपस्टॉपवर आपटणं असतं.

दुसरी गफलत शॉकअपची. स्प्रिंग धक्का साठवते, शॉकअप तो जिरवतो. स्प्रिंग चाळीस टक्क्यांनी कडक केली की तिची आंदोलनं विझवायला शॉकअपही सुमारे अठरा टक्के ताकदवान लागतो. जुन्या शॉकअपवर नवी स्प्रिंग चढवली तर गाडी एकाच वेळी कडकही होते आणि झुलतेही. खड्डा दोनदा जाणवतो. पहिल्यांदा आत जाताना, दुसऱ्यांदा उसळून वर येताना. म्हणून बाहेरच्या नामवंत कंपन्या स्प्रिंग आणि शॉकअप जोडीने विकतात. अशा जोडीचा खर्च लाखाच्या वर सहज जातो, आणि इथेच गॅरेजातला स्वस्त उपाय पुढे येतो: स्प्रिंग कापणे.

कापल्याने गाडी खाली येते, हे खरं. सहा कार्यक्षम वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग वीस टक्के कडकही होते. पण तारेचं कापलेलं टोक खालच्या वाटीत नीट बसत नाही. चाक लोंबकळलं की स्प्रिंग सैल होऊन जागा सोडते, आणि गॅसकटर वापरला असेल तर त्या जागेचं पोलादाचं पाणी उतरलेलं असतं. कारखान्यातला अभियंता स्प्रिंग कडक करायला तारेची जाडी बदलतो, कारण कडकपणा जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. तार अवघी दहा टक्के जाड केली की स्प्रिंग शेहेचाळीस टक्के कडक होते. कापलेली स्प्रिंग लावून घाट उतरणाऱ्यांना मी धाडसी म्हणणार नाही, दुसरा शब्द माझ्याकडे आहे.

आता रस्ता. सिमेंट काँक्रीटचा रस्ता एकसंध नसतो. साधारण साडेचार मीटरवर त्याला आडवा सांधा असतो. ताशी ६० किलोमीटरने गेलं की हे सांधे सेकंदाला ३.७ वेळा चाकाखालून जातात, ८० ने गेलं की जवळपास ५ वेळा. माणसाचं बसलेलं शरीर उभ्या कंपनांना सर्वांत हळवं असतं ते सेकंदाला ४ ते ८ या पट्ट्यात. पोटातल्या अवयवांची स्वतःची लय तिथेच आहे. मऊ गाडी ही कंपनं बरीचशी खालीच ठेवते. स्प्रिंग जितकी कडक, तितकी ती वर पोचतात. काँक्रीट गुळगुळीत झालं म्हणून गाडी कडक करायला हरकत नाही, हा सोसायटीच्या पार्किंगमधला युक्तिवाद सांध्यांवर अडखळतो.

गतिरोधकांचं गणित तर फारच बोलकं आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे त्याचा गोलावा १७ मीटर त्रिज्येचा. पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर असलेली गाडी अशा उंचवट्यावर मधोमध आली तर तो तिच्या पोटाखालच्या जागेतून फक्त ४६ मिलिमीटर खातो. ११० मिलिमीटर उंचीची खालची स्पोर्ट्स कारही त्यावरून निवांत जाईल. प्रत्यक्षात वस्तीत भेटतो तो रात्रीतून डांबर ओतून केलेला हातभर रुंदीचा बंधारा, आणि तो सगळे दहा सेंटिमीटर मागतो. गाडी खाली लागते ती बहुतेकदा रस्त्याने नियम मोडल्यामुळे. पण भरपाई गाडीवालाच भरतो, त्यामुळे उंची ठरवताना नियमातला गतिरोधक नको, आपल्या गल्लीतला मोजावा. दिव्याच्या फाटकातून रूळ ओलांडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

शॉकअपच्या आत काय असतं हे पाहायचं तर दिव्याहून लोकलने मुलुंडपर्यंत यावं. भारतातल्या शॉकअप उद्योगाचा एक महत्त्वाचा अध्याय तिथे सुरू झाला. गॅब्रिएल इंडियाने १९६१ साली अमेरिकेतल्या मॅरेमाँटच्या सहकार्याने मुलुंडमध्ये उत्पादनाला हात घातला. पुढे कंपनीचा व्याप नाशिक, चाकण असा वाढला आणि रेल्वेच्या डब्यांचे डॅम्परही ती बनवू लागली. मूळ शॉकअप दोन नळ्यांचा असतो. आतल्या नळीत दट्ट्या तेल ढकलतो, तेल बारीक झडपांतून जाताना तापतं आणि धक्क्याची ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. बाहेरच्या नळीत जास्तीचं तेल आणि वर थोडी हवा. सतत खड्डे लागले की तेलात फेस होतो, आणि फेसाला दट्ट्याचा धाक नसतो. यावरचा इलाज फ्रेंच अभियंता द कार्बोनने काढला: एकच नळी, त्यात तेल, आणि सरकत्या पडद्यापलीकडे दाबाखालचा नायट्रोजन. जर्मनीच्या बिलस्टाइनने १९५७ मध्ये तो मर्सिडीजसाठी उत्पादनात आणला. एकनळी शॉकअप लवकर थंड होतो, फेस धरत नाही. मात्र दगड लागून नळीला पोचा पडला की दट्ट्या अडकतो आणि शॉकअप कामातून जातो. खडीच्या रस्त्यावर ही उणीव साधी नाही.

महाग शॉकअपवर फिरवायची कळ असते, टिकटिक करत वीस-तीस पायऱ्यांत फिरणारी. तिच्यावर पैसे खर्च करणारे बहुतेक जण ती एकदाच फिरवतात, सगळ्यात कडक बाजूला. वास्तविक रस्त्यावरच्या गाडीत चाक वर जाताना विरोध कमी आणि परत खाली येताना दुप्पट-तिप्पट ठेवतात. वर जाताना जास्त अडवलं तर धक्का थेट गाडीत येतो. खाली येताना जास्त अडवलं तर लागोपाठच्या खड्ड्यांत चाक पुरतं खाली येण्याआधीच पुढचा खड्डा येतो आणि गाडी टप्प्याटप्प्याने खाली दबत जाते. चांगला शॉकअप सावकाश हालचालीला, म्हणजे वळणावरच्या झुकण्याला, ताठ असतो आणि खड्ड्याच्या झटक्याला झडप उघडून वाट देतो. पैसे मोजायचे ते या झडपेचे. नेदरलँड्सची कोनी, स्वीडनची ओहलिन्स यांचं नाव आहे ते त्यामुळे. यातली कोनी रेल्वेचे डॅम्परही बनवते.

रेल्वेचा विषय निघाला तर दिव्याच्या फलाटाला टाळून कसं चालेल? मुंबईच्या लोकलमधल्या गर्दीला रेल्वेने ‘सुपर डेन्स क्रश लोड’ असं अधिकृत नावच दिलं आहे: एका चौरस मीटरात चौदा ते सोळा उभी माणसं. दुपारी रिकामा धावणारा डबा संध्याकाळी हा भार घेतो. पोलादी स्प्रिंग एका भाराला योग्य ठरवली की दुसऱ्याला चुकते. मऊ ठेवावी तर गर्दीत डबा बसतो, कडक ठेवावी तर रिकामा डबा उडतो. २००७ पासून आलेल्या सीमेन्स यंत्रणेच्या गाड्यांत म्हणूनच हवेच्या स्प्रिंगा आहेत. माणसं चढली की झडप जास्त हवा आत घेते, डबा पूर्वीच्याच उंचीवर राहतो, आणि दाब वाढल्याने स्प्रिंगही भाराच्या बेताने कडक होते. डोंबिवलीच्या पोलोतही हाच पेच लहान प्रमाणात आहे. मागच्या एका चाकावर एकट्या चालकासह २०० किलो भार असेल, तर दोन पाहुणे आणि बॅगा घेऊन कोकणात निघाल्यावर तो २९० होतो आणि गाडीचा मागचा भाग पाच सेंटिमीटर खाली जातो. आधीच चार सेंटिमीटर खाली आणलेल्या गाडीला हे परवडत नाही. गणपतीला गावी जाणाऱ्याने गाडी एकट्यासाठी जुळवू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ वैशिष्ट्यांत बदल करायला मर्यादा घालतं. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात उत्पादकाने दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफार चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफाराला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफाराला पाच हजार रुपये दंड ठेवला. झिजलेल्या शॉकअपच्या जागी त्याच मापाचा चांगला शॉकअप बसवणं आणि गाडीची उंचीच बदलणं, या दोन गोष्टी एमएच ०४ किंवा एमएच ०५ च्या कार्यालयात सारख्या नजरेने पाहिल्या जातील असं धरून चालू नये. विमा कंपनीला आधी कळवलेलं बरं.

शर्यतीच्या सस्पेन्शनचं शास्त्र शिकण्याची हौस असेल तर वाट याच रेल्वेमार्गावर आहे. विद्याविहारच्या सोमय्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले विद्यार्थी ‘ओरायन रेसिंग’ या नावाने फॉर्म्युला स्टुडंटच्या गाड्या बांधतात, पवईला आयआयटीची तुकडी आहे. या स्पर्धेचा एक नियम मला फार आवडतो. सपाट धावपट्टीवर पळणाऱ्या, जमिनीला टेकल्यासारख्या दिसणाऱ्या त्या गाडीलाही चाकाचा किमान ५० मिलिमीटर प्रवास ठेवावाच लागतो. रस्त्यावरच्या गाडीनेही हाच धडा घ्यावा. पन्नास हजार किलोमीटर झालेल्या, खड्ड्यांनी खिळखिळ्या झालेल्या पोलोला हात घालताना आधी बुश, बॉल जॉइंट आणि स्ट्रटची माउंटिंग बदलावीत, मग चांगले टायर, मग मूळ उंचीला साजेसे दर्जेदार शॉकअप, आणि स्प्रिंगचा विचार सर्वांत शेवटी, तोही दहा-पंधरा मिलिमीटरच्या आत. काम झाल्यावर अलाइनमेंट करून घ्यावं, कारण उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात. आणि काढलेल्या मूळ स्प्रिंगा भंगारात देऊ नयेत. गाडी विकताना गिऱ्हाईक त्याच मागतं.