चेन्नईच्या सीझनला ‘मुख्य मंडप’ नसतो

नोव्हेंबर उजाडला की एक प्रश्न ठरलेला असतो. ‘डिसेंबरात चेन्नईला चाललोय, सीझन ऐकायला. मंडपाच्या जवळचं एखादं बरं हॉटेल सांगा ना.’ विचारणारा बहुधा सवाईचा जुना श्रोता असतो. कान तयार, सुट्टी मंजूर, गाडीचं तिकीटही हातात. फक्त मंडपाजवळची खोली तेवढी राहिलेली. आता मंडपच नाही म्हटल्यावर त्याच्या जवळचं हॉटेल सांगायचं तरी कुठलं?

हा गैरसमज सगळ्यांत चिवट आहे. बाकीचे बहुतेक त्याच्याच पोटातून निघतात, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ.

गैरसमज : चेन्नईचा सीझन म्हणजे तिकडचा सवाई. मुख्य जागेजवळ खोली घेतली की झालं.

सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून एका संस्थेचा आणि एका स्वरमंचाचा आहे. कोण कधी गाणार हे एकाच पत्रिकेत छापलेलं असतं. २०१८ साली जागा बदलली तेव्हा अख्खा महोत्सव रमणबागेतून उचलून मुकुंदनगरला गेला आणि श्रोतेही त्याच्या मागोमाग गेले. एक जागा, एक तिकीट, मधल्या वेळेत एक वडापाव. आपल्या डोक्यात संगीत महोत्सवाचं चित्र पक्कं बसलंय ते हे.

चेन्नईत यातलं काहीच नाही. ‘सीझन’ नावाची संस्था नाही, तिचं कार्यालय नाही, तिचं तिकीट नाही. तमिळ मार्गळी महिन्यात, म्हणजे साधारण डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, शहरातल्या डझनावारी सभा, म्हणजे संगीतसंस्था, आपापला महोत्सव एकाच वेळी भरवतात. काहींचा तर डिसेंबरच्या सुरुवातीलाच सुरू होतो. प्रत्येक सभेचं सभागृह वेगळं, पत्रिका वेगळी, तिकीट वेगळं. संध्याकाळी सातच्या सुमारास तुम्ही एक गायिका ऐकत असता, त्याच वेळी शहरात आणखी पाच-सहा ठिकाणी तितक्याच तोलाचं कुणीतरी गात असतं. म्हणजे ‘सीझन’ पूर्ण ऐकणारा श्रोता आजवर कुणी झाला नाही आणि होणारही नाही.

एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न येतो : ‘ते ठीक, पण म्युझिक अकॅडमी म्हणजेच मुख्य ना?’ मान सर्वांत मोठा, हे खरं. तिथला संगीत कलानिधी हा किताब कर्नाटक संगीतात सर्वोच्च मानला जातो. पण अकॅडमी हा सीझनचा मंडप नाही, सीझनमधली एक सभा आहे. १९२७ च्या मद्रास काँग्रेस अधिवेशनाच्या जोडीने संगीत परिषद भरली, तिच्यातून १९२८ साली अकॅडमी उभी राहिली. त्याआधी १९०० साली ट्रिप्लिकेनमध्ये पार्थसारथी स्वामी सभा निघालेली होती. कोण आधीचं आणि कोण मोठं हा वाद तिथले रसिक आवडीने घालतात, त्यात आपण पडायचं कारण नाही. आपल्या कामाची गोष्ट वेगळीच आहे : एकच नामवंत कलावंत एका सीझनमध्ये अनेक सभांत गातो. अकॅडमीचं तिकीट हुकलं तर तोच गायक चार दिवसांनी टी. नगरमध्ये ऐकता येतो, आणि अनेकदा कमी पैशांत. एका सभागृहाला चिकटून राहण्याचा हट्ट इथेच निकाली निघतो.

मग राहायचं कुठे? उत्तर नकाशात आहे. सीझनच्या महत्त्वाच्या सभा शहरभर सारख्या पसरलेल्या नाहीत. त्यांची दाटी दक्षिण-मध्य चेन्नईच्या एका पट्ट्यात आहे. टी.टी.के. रोडच्या उत्तर टोकाकडे म्युझिक अकॅडमी, त्याच रस्त्याने खाली आलवारपेटकडे आलं की नारद गान सभा. पूर्वेला मैलापुरात रसिक रंजनी सभा, मैलापूर फाइन आर्ट्स क्लब, भारतीय विद्या भवन. पश्चिमेला टी. नगरमध्ये कृष्ण गान सभा आणि वाणी महल. थोडं लांब, दक्षिणेला तिरुवान्मियूरमध्ये कलाक्षेत्र. म्हणजे खोली कुठल्या एका सभेजवळ नको, या सगळ्यांच्या मधोमध हवी. आलवारपेट, रॉयपेट्टा, तेनांपेट आणि मैलापूर ही नावं डोळे मिटून लिहून ठेवा.

मधोमध का, हे दिवसाचा क्रम पाहिल्यावर कळतं. अकॅडमीत सकाळी आठच्या सुमारास सप्रयोग व्याख्यानं सुरू होतात. दुपारी नवोदितांच्या मैफली असतात, त्यांतल्या बऱ्याच मोफत. चारच्या आसपास एक जाणता कलावंत गातो आणि सातच्या सुमारास दिवसाची मोठी मैफल. आता समजा, चारची मैफल अकॅडमीत ऐकली आणि नंतरची नारद गान सभेत ऐकायची आहे. अंतर एक-दीड किलोमीटरचं. त्या वेळी टी.टी.के. रोडवर टॅक्सी बोलावणारा सिग्नललाच अडकतो. चप्पल घालून चालू लागणारा वीसेक मिनिटांत पोचतो, कॅन्टीनमध्ये कॉफी घेतो आणि तंबोरे लागत असताना खुर्चीत बसलेला असतो. रांगेत त्याच्या पुढेमागे कांजीवरम नेसलेल्या, कृतींची वही पर्समध्ये बाळगणाऱ्या आजी असतात. त्याही चालतच आलेल्या असतात, कारण त्यांना शहर ठाऊक आहे.

लांब राहणाऱ्याचं आणखी एक नुकसान होतं, ते मराठी माणसाला जास्त लागावं. कर्नाटक मैफलीत मुख्य कृती आणि तनि आवर्तनम, म्हणजे तालवाद्यांचं स्वतंत्र वादन, आटोपलं की परतीचे प्रवासी उठू लागतात. नंतर येतात तुक्कडा म्हणतात त्या छोट्या रचना, आणि त्यांत अलीकडे अभंग हमखास असतो. तंजावरच्या मराठी राजवटीतून तिथल्या कीर्तन-भजनाला जे वळण लागलं, त्याचा हा दूरचा वारसा. परक्या गावात तमिळ गळ्यातून विठ्ठल ऐकायचा क्षण येतो, तेव्हा आपले पाहुणे रिक्षावाल्याशी घासाघीस करत उभे असतात.

मैलापूर घ्यावं की आलवारपेट, ही मात्र आवडीची बाब. मार्गळीत पहाटे कपालीश्वर देवळाभोवतीच्या माडवीथींतून भजन करत फेरी निघते. तिला वाग्गेयकार पापनाशम शिवन यांनी नावारूपाला आणलं. ती ऐकायची असेल तर देवळाजवळच राहा. पण त्याच पहाटे देवळांच्या कर्ण्यांवर तिरुप्पावैची स्तोत्रंही लागतात, हे झोपेच्या लाडक्यांनी आधी ध्यानात घ्यावं. टी. नगर सभांच्या दृष्टीने उत्तम, पण नाताळ ते पोंगल पाँडी बाजार आणि रंगनाथन स्ट्रीटवर खरेदीचा जो लोंढा असतो, तो सामान घेऊन ओलांडायची तयारी हवी.

आता उरलेले गैरसमज, झटपट.

‘स्टेशनजवळ राहणं केव्हाही सोयीचं.’ सेंट्रल आणि एग्मोरजवळ खोल्या स्वस्त मिळतात, पण संगीत तिथून केव्हाच हललं. एकेकाळी ते उत्तरेला होतं, हे खरं. अकॅडमीचं उद्घाटनच एस्प्लनेडच्या वाय.एम.सी.ए. सभागृहात झालं. अर्मेनियन स्ट्रीटवर ॲनी बेझंट यांच्या पुढाकाराने उभारलेला, नामदार गोखल्यांच्या नावाचा गोखले हॉलही त्याच भागातला. मात्र अकॅडमी १९६२ साली टी.टी.के. रोडच्या स्वतःच्या सभागृहात आली. उत्तरेचा सल्ला देणारे काका बहुधा त्याआधीचं ऐकीव सांगत असतात. अपवाद एकच : तमिळ इसै संगमचा महोत्सव आजही पॅरीजजवळच्या राजा अण्णामलै मन्रममध्ये होतो.

‘समुद्राकाठी राहू, म्हणजे दोन्ही होईल.’ दोन्ही होत नाही. महाबलीपुरम शहरापासून पन्नासेक किलोमीटर आहे. ईस्ट कोस्ट रोडवरच्या रिसॉर्टमधून रोज दोन वेळा मैफलीला येणं म्हणजे सुट्टी गाडीत काढणं. समुद्र बघायचाच असेल तर मैलापूरहून मरीना हाकेच्या अंतरावर आहे.

‘मेट्रो आहे, कुठेही राहिलं तरी चालतं.’ चेन्नई मेट्रोचा नकाशा उघडून बघा. आज धावणाऱ्या मार्गिकांवर मैलापूर नाही. दुसऱ्या टप्प्यातल्या तिरुमयिलै स्थानकाचं काम चालू आहे, आणि त्यापायी त्या परिसरातले रस्ते वळवलेले आहेत. सध्या उपयोगाची स्थानकं म्हणजे विमानतळ आणि सेंट्रल या दोन्हींना जोडणाऱ्या निळ्या मार्गिकेवरची थाउझंड लाइट्स, एजी-डीएमएस आणि तेनांपेट. मैलापूरहून कलाक्षेत्राला जायचं असेल तर तिरुमयिलै ते तिरुवान्मियूर अशी एम.आर.टी.एस. लोकल आहे.

‘मैफली रात्रभर चालतात, म्हणून सभागृहाला लागूनच राहावं.’ नाही. मोठी मैफल अडीच-तीन तासांची, आणि रात्री साडेनऊ-दहापर्यंत सगळं सामसूम.

‘डिसेंबर, म्हणजे छान थंडी.’ किमान तापमान २१-२२ अंशांच्या आसपास असतं, शाल फक्त सभागृहातल्या एसीसाठी. छत्री मात्र घ्याच. ईशान्य मोसमी पाऊस डिसेंबरातही असतो. २०१५ चा पूर आणि २०२३ चं मिचौंग वादळ दोन्ही डिसेंबरातलेच. वेळाचेरीसारख्या सखल भागातली स्वस्त खोली त्या वेळी महागात पडते.

‘युनेस्कोने संगीतनगरी म्हटलंय, तेव्हा ठरावीक संगीत-विभाग असणार.’ २०१७ चा तो मान अख्ख्या शहराला आहे. नकाशावर कुठेही रेघ मारलेली नाही.

‘जेवणाची सोय असलेलंच हॉटेल हवं.’ सभांची कॅन्टीनं कशासाठी आहेत? केळीच्या पानावरचं जेवण आणि फिल्टर कॉफी तिकिटाशिवायही मिळते. कितीतरी चेन्नईकर गाण्याला नव्हे, त्याच्यासाठीच येतात.

तेव्हा क्रम बदला. आधी कुणाला ऐकायचं ते ठरवा, मग तो कोणत्या सभांत गातोय ते त्या सभांच्या पत्रिकांत पाहा आणि मगच खोली घ्या. पत्रिका निघायला उशीर असेल तर आलवारपेट-मैलापूर पट्ट्यात, रद्द करता येईल अशी खोली धरून ठेवा. आणि कृपा करून मंडपाचा पत्ता विचारू नका.